चावी परत करण्याचा दिवस

भाड्याच्या जागेचा करार अकरा महिन्यांचाच का करतात, याचं उत्तर फार थोड्यांना ठाऊक असतं. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची होती. ती चुकवायची तर बाराव्या महिन्याच्या अलीकडे थांबायचं, अशी ती पळवाट. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि त्याच्या ५५ व्या कलमाने लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार, मग तो कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृत करायला लावला. वर नोंदणीची जबाबदारी घरमालकावर टाकली. पळवाट बुजली, अकरा महिने तसेच राहिले. डोंबिवली पूर्वेच्या एका इस्टेट एजंटला हे सगळं पाठ आहे, तरी समोरच्याने "अकराचाच करू ना?" म्हटलं की तोही मान डोलावतो. कराराची मुदत त्याला फारशी महत्त्वाची वाटतच नाही. त्याच्या हिशेबात सगळ्या व्यवहारात एकच दिवस खरा: सामान टेम्पोत चढवून, जागा रिकामी करून चावी परत करण्याचा.

जागा मिळते तेव्हा सगळेच गोड असतात. घरमालकाचं भाडं सुरू होणार असतं, भाडेकरूची वणवण थांबलेली असते, सोसायटीच्या सेक्रेटरीला नवा माणूस दबून बोलतोय याचं समाधान असतं. पेढे येतात. शेगडीवर पातेलं चढतं, दूध मुद्दाम उतू घालवतात आणि त्या धांदलीत एजंटच्या हातावरही प्रसाद पडतो. आभाराचे शब्द त्या दिवशी चिक्कार निघतात. अपवाद फक्त एका विषयाचा. "काका, काहीही करा, पण याच महिन्यात जागा बघा" म्हणणारा माणूस टोकन दिल्यावर महिन्याच्या भाड्याएवढी दलाली ऐकून म्हणतो, "तुम्ही नुसतं कुलूप तर उघडलंत!" एजंट यावर वाद घालत नाही. घासाघीस झाल्याशिवाय दलाली हातात पडत नाही, हे त्याने धंद्याच्या सुरुवातीलाच मान्य करून टाकलं.

कुलूप उघडण्याच्या आधीचं काम दिसत नाही, हेही खरंच. त्याचा गाळा आठ बाय दहाचा. लाकडी फळीवर खिळे, खिळ्यांना चाव्या, चाव्यांना पुठ्ठ्याचे तुकडे आणि त्यावर बिल्डिंगचं नाव. भिंतीवर गणपती आणि शेजारी महारेराचं प्रमाणपत्र. रेरा कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात महारेराचं काम १ मे २०१७ ला सुरू झालं आणि नव्या प्रकल्पातले फ्लॅट विकायचे तर एजंटलाही नोंदणी घ्यावी लागली. २०२३ पासून त्यात परीक्षेची भर पडली. नातवंडं झालेली माणसं कार्पेट एरियाची व्याख्या घोकत बसली, त्यात हाही होता. कुरकुर त्याने केली नाही, कारण कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींची गोष्ट त्याच्या डोळ्यांसमोरची. बनावट कागदपत्रं जोडून या बेकायदा इमारतींसाठी महारेराची नोंदणी मिळवली गेली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तिथे घर घेणाऱ्यांनी नोंदणी आहे एवढं पाहिलं होतं, त्यात त्यांचं काही चुकलं असं म्हणता येत नाही. तेव्हापासून "बिनधास्त घ्या, पेपर क्लिअर आहेत" हे वाक्य तो तोंडातून सहजासहजी काढत नाही.

कुठली जागा रिकामी होणार हे सर्वांत आधी कळतं इस्त्रीवाल्याला. महिनाअखेर जवळ आली की एखाद्या घरातून येणारे कपडे कमी होतात, मग "उरलेले सगळे आजच द्या" असा निरोप येतो. त्यानंतर कळतं पेपरवाल्याला, मग वॉचमनला आणि सगळ्यांत शेवटी सोसायटीच्या कमिटीला. दलालाशिवाय जागा मिळवून देणारी ॲप्स आली, त्यावर बेडरूमचे फोटो घरबसल्या दिसतात. पण पाणी पहाटे किती वाजता येतं आणि तिसऱ्या मजल्यावर त्याला जोर किती असतो, हे अजून वॉचमनच सांगतो. एजंटला याची जाण आहे. वॉचमनचा वाटा प्रत्येक सौद्यातून वेगळा जातो. इस्त्रीवाला वाटा मागत नाही, म्हणून दिवाळीत त्याचं पाकीट जाड असतं.

जागा बघायला येणारी माणसं काय बघतात, यावर त्याला तासभर बोलता येईल. पुरुष पार्किंग विचारतो आणि मोबाइलची रेंज तपासतो. बायको थेट ओट्याशी जाते, नळ सोडते, आणि सिंकखालचं कपाट उघडून वास घेते. फ्रिज कुठे मावेल याचं माप ती हाताच्या वितीने काढते आणि ते बहुधा बरोबर निघतं. आजी असल्या तर देव्हारा कुठल्या भिंतीला येईल हा प्रश्न पहिला, आणि वाळवणाला ऊन कुठल्या खिडकीत येतं हा दुसरा. ऊन बघायला लोक संध्याकाळी सातला येतात, ही त्याची जुनी तक्रार. दिवसभर सगळे लोकलने मुंबईला गेलेले. ट्यूबच्या उजेडात घर बघून पसंत करायचं आणि रविवारी कळायचं की हॉलमध्ये दुपारीही दिवा लागतो. म्हणून तो आपण होऊन सांगतो, "एकदा सकाळी येऊन जा." त्यात दोन-चार गिऱ्हाइकं हातची जातात.

पसंती झाली की अंगठा. आता करार ऑनलाइन नोंदवता येतो; लॅपटॉप, कॅमेरा आणि अंगठ्याचं छोटं यंत्र घेऊन एजंटचा मुलगा घरी जातो. मुद्रांक शुल्क पाव टक्का, शहरात नोंदणी फी हजार रुपये. दहा मिनिटांचं काम, पण म्हाताऱ्या माणसांचे अंगठे यंत्राला ओळखता येत नाहीत. आयुष्यभर भांडी घासलेल्या, धुणं धुतलेल्या, मशीन चालवलेल्या हातांवरच्या रेषा पुसट झालेल्या असतात. मग ओल्या रुमालाने बोट पुसा, कोरडं करा, हा नको तर तो हात द्या. आजी ओशाळतात, जणू गुन्हा त्यांचाच. मुलगा सुरुवातीला कंटाळायचा. एकदा बापाने त्याला समजावलं की ज्या अंगठ्यांनी हे घर चालवलं तेच बसत नाहीयेत, घाई करू नकोस. आता तो यंत्र काढायच्या आधीच चहाला हो म्हणतो; कप हातात धरल्यावर बोट जरा गरम होतं आणि ठसा उमटतो, असा त्याचा शोध आहे. शास्त्र काहीही म्हणो, त्या निमित्ताने चहा मिळतो.

या धंद्याची काळी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर नाही. घरमालकाच्या अटी तोंडी असतात, करारात कधीच नसतात. मांसाहारी नको, एकटी मुलगी नको, बॅचलर नकोत. आणि आवाज जरा खाली आणून, अमुक धर्माचे, अमुक जातीचे नकोत. एजंट त्या ऐकतो आणि पुढे "ती जागा गेली" एवढंच सांगतो. जागा गेलेली नसते. आपल्यासाठी गेलेली असते, हे समोरच्यालाही आडनाव सांगताक्षणी उमगलेलं असतं. मालकाची जागा, मालकाची मर्जी, हा एजंटचा बचाव. तो लंगडा आहे. नाकारलेल्यातल्या काहींना त्याने नंतर दुसरीकडे जागा मिळवून दिली, हेही खरं. ती माणसं त्याचे आभार मानतात तेव्हा मात्र तो विषय बदलतो.

डोंबिवली ही आपली घरं सोडून आलेल्यांनीच वसवलेली. गिरगाव, दादर, लालबागच्या खोल्या अपुऱ्या पडल्या तशी माणसं रेल्वेच्या रुळाच्या कडेकडेने इकडे सरकली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर परळ भागातली कितीतरी घरं विस्कटली. त्यातलीही काही इथे आली. तेव्हा बांधलेल्या तीन-चार मजली, बिनलिफ्टच्या इमारती आता पुनर्विकासाला निघाल्यात. एजंटचं सध्याचं निम्मं काम तेच. वीस बिऱ्हाडांची सोसायटी एकाच महिन्यात रिकामी होते, बिल्डर दरमहा भाडं आणि सामान हलवण्याचा खर्च देतो, आणि वीसच्या वीस कुटुंबांना त्याच दोन गल्ल्यांत जागा हवी असते. कारण भाजीवाला ओळखीचा, डॉक्टर ओळखीचे, सकाळचा कट्टा तिथलाच. भाडी चढतात ती यामुळे.

अशातच एक निवृत्त रेल्वे कर्मचारी आणि त्यांच्या पत्नी त्याच्याकडे आल्या होत्या. गृहस्थांनी पाच जागा नाकारल्या. बजेट ठीक, लिफ्ट ठीक, देवळाचं अंतर ठीक, तरी नको. सहाव्या जागेत ते गॅलरीत गेले, डावीकडे वाकून बघितलं आणि म्हणाले, "ही घेऊ." वाकून बघितलं की तिथून त्यांची जुनी बिल्डिंग दिसत होती. पुढच्या महिन्यात ती पाडायला सुरुवात झाली. धुळीने गॅलरी भरायची, पत्नी वैतागायच्या, हे रोज खुर्ची टाकून बसायचे. आपल्या चौथ्या मजल्यावरची निळी भिंत कुठल्या दिवशी पडली, ते त्यांनी एजंटला गाळ्यात येऊन सांगितलं. एजंट म्हणाला, "नवीन घर मोठं मिळतंय की, काका." ते म्हणाले, "मिळतंय ना. त्याचं काही म्हणणं नाही."

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना नव्या इमारतीतल्या घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. सुमारे शंभर वर्षं जुन्या चाळीतली १६० चौरस फुटांची खोली सोडून ५०० चौरस फुटांचं घर. टीव्हीवर चाव्या घेणारे हात दिसत होते, टाळ्या होत्या. एजंटला बातमी बघताना वेगळाच प्रश्न पडला: या लोकांनी आपापल्या खोलीला शेवटचं कुलूप लावलं तो दिवस कसा होता, हे कुणी का दाखवत नाही?

त्या दिवसाची त्याला चांगली माहिती आहे. जागा सोडताना कुणाचं कुणाशी काही अडलेलं नसतं. मध्ये उरतं फक्त डिपॉझिट. मालक भिंतीवरचे खिळे मोजतो, रंगाचे पैसे कापतो, गीझर "आधी चालू होता" म्हणतो. भाडेकरू शेवटचं लाइट बिल न भरता निघू बघतो. करारातली यादी बाहेर येते: पंखे चार, ट्यूब पाच, कपाट एक. एका बहाद्दराने जाताना होल्डरसकट बल्ब नेले होते आणि दुसऱ्या एका मालकाने, जो शहरातला बऱ्यापैकी प्रतिष्ठित माणूस, आठ वर्षं वेळेवर भाडं देणाऱ्या कुटुंबाच्या डिपॉझिटमधून दाराच्या साखळीचे दीडशे रुपये कापले होते. एजंटला या दिवशी एक पैसा मिळत नाही. त्याची दलाली केव्हाच खर्च झालेली. तरी तो जातो, मध्ये उभा राहतो, दोघांचं ऐकतो. माणूस उपकार जाणतो की नाही हे याच दिवशी कळतं, अशी त्याची समजूत आहे आणि तिला तो शास्त्र मानतो.

कारण उलटंही घडतं. रिकाम्या झालेल्या घरात लादी पुसून काढणारी बाई त्याने बघितली आहे; उद्या रंगारी येणार हे तिला माहीत होतं. उंबरठ्याला हळदकुंकू वाहून, मग चपला घालणाऱ्याही बघितल्या आहेत, भाड्याच्या घराच्या उंबरठ्याला. परदेशात राहणारा एक मालक टेम्पो निघायच्या आधी डिपॉझिट खात्यात टाकतो. एवढी घाई कशाला, असं विचारल्यावर तो म्हणाला, की त्यांना पुढच्या घरी हेच पैसे द्यायचे असणार ना. ही साधी गोष्ट, पण ती बाकीच्या मालकांना सुचत नाही असं दिसतं.

कोविडच्या काळात तर सगळ्यांचीच परीक्षा झाली. एप्रिल २०२० मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना सूचना केली, की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि भाडं थकलं म्हणून कुणाला घराबाहेर काढू नका. एजंटचा फोन दोन्ही बाजूंनी वाजत राहिला. एका बाजूला पगार थांबलेला हॉटेलमधला स्वयंपाकी, दुसऱ्या बाजूला पेन्शन नसलेली, त्या भाड्यावरच औषधं घेणारी विधवा मालकीण. दोघंही खरं बोलत होते. निम्मं आता, निम्मं नंतर, असे तोंडी समझोते त्याने फोनवरून घडवले. त्यातले बरेच पाळले गेले, काही बुडाले. पुढे सरकारने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मध्ये खरेदीवरचं मुद्रांक शुल्क एकदम खाली आणलं, मुंबईत पाचावरून दोन टक्क्यांवर, आणि वर्षअखेरीस निबंधक कार्यालयांत ही गर्दी उसळली. वर्तमानपत्रांनी गर्दीचे फोटो छापले. त्या स्वयंपाक्याने उरलेलं निम्मं भाडं फेडून दिवाळीनंतर जागा सोडली, जाताना मालकिणीच्या घरी डबाभर नारळाच्या वड्या पोचवल्या, ही बातमी अर्थातच कुठे आली नाही.

आणि मग बाईंचा कागद. शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या, भाड्याच्या एकाच जागेत बरीच वर्षं काढलेल्या त्या बाई मुलाकडे नाशिकला निघाल्या. चावी देताना त्यांनी वहीतून फाडलेला एक आखीव कागद एजंटच्या हातात ठेवला. "जो कोणी येईल त्याला द्या." अक्षर फळ्यावरचं, ठसठशीत. त्यात काय होतं?

पाणी पहाटे ५.४० ते ७.१५. दुसऱ्या दिवशी बंद राहणार असेल तर आदल्या रात्री वॉचमन सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा. ओट्याचा नळ उलटा फिरतो. मागची खिडकी पावसाळ्यात फुगते. रेटू नये, खालून उचलावी. शेजारच्या आजींना कमी ऐकू येतं. बेल दोनदा वाजवून थांबावं, त्या येतात. दूधवाल्याचा नंबर अमुक, पैसे पाच तारखेला. कढीपत्त्याची कुंडी ठेवली आहे, तिला रोज पाणी नको.

आभार हा शब्द त्या कागदावर कुठेही नव्हता. एजंटने त्याची झेरॉक्स काढून फाइलला लावली आणि मूळ कागद नव्या भाडेकरूला दिला. तेव्हापासून तो जागा सोडणाऱ्या प्रत्येकाला तसा कागद मागतो. बहुतेक हसतात. एकाने फक्त वायफायचा पासवर्ड लिहून दिला, तोही कनेक्शन बंद केलेल्या वायफायचा. एका मुलाने, चार बॅचलर राहत होते त्यातला तो, दोन पानं भरून लिहिलं. त्यातलं दीड पान रात्री बारानंतर खायला कुठे मिळतं याबद्दलचं. पुढच्या भाडेकरूला ते उपयोगी पडलं असं ऐकिवात आहे.

पुढच्या उन्हाळ्यात बाईंचा नाशिकहून फोन आला. दूधवाल्याने नंबर बदललाय. जुन्या गिऱ्हाइकांना त्याने कळवलं, त्यात यांनाही कळवलं. तर कागदावर तेवढा दुरुस्त करून घ्या. एजंटने लगेच नव्या भाडेकरूला फोन लावला. तरुण जोडपं, त्यांच्याकडे दूध ॲपवरून येत होतं, दूधवाल्याला त्यांनी अजून बघितलेलंही नव्हतं. हे बाईंना सांगावं की गप्प बसावं, याचा विचार करत त्याने चहा संपवला आणि मग फोन करून सांगून टाकलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "आणि खिडकी?"

"खालूनच उचलतात."

"आजींकडे बेल दोनदा वाजवतात ना?"

"ते विचारायचं राहिलं, बाई. संध्याकाळी त्याच बिल्डिंगमध्ये एक जागा दाखवायची आहे. बघून कळवतो."